जावळकर

त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये त्याला सगळे जावळकर म्हणतात. पाच वर्षांपूर्वी जिथे भांग पडायचा, तिथे त्याला हल्ली बारीक लव दिसते. त्यालाच दिसते. "जावळ येतंय रे" म्हणत तो डोकं पुढे करतो, आणि चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस, उठून बघायला लागू नये म्हणून, "हो हो, आलंय" म्हणून टाकतो. जावळ आलं की ते उतरवायचं असतं, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

असा एक जावळकर प्रत्येक डब्यात आणि प्रत्येक कचेरीत असतो. त्याला टकल्या समजू नका. टकल्या सुखी असतो. त्याचा निकाल लागलेला असतो. जावळकराची केस अजून कोर्टात आहे. त्यासाठी त्याने दोन वकील दिलेत, एक त्वचारोगतज्ज्ञ आणि एक चिपळूणच्या सासूबाई, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता लागू दिलेला नाही.

डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं, सकाळ-संध्याकाळ एक-एक मिली. जावळकराला औषधांची कुळकथा पाठ आहे. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवायला लागले, तेव्हा तिचं डोक्याला लावायचं औषध झालं. १९८८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. दुसरी गोळी फिनास्टेराइड. ती आधी प्रोस्टेटची. १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झाली. "म्हणजे दोन्ही औषधं वाट चुकून डोक्यावर आलीत," जावळकर उसासा टाकतो. "सासूबाईंचा माका तरी पहिल्यापासून केसांसाठीच आहे."

त्या माक्याचं तेल दर महिन्याला चिपळूणहून येतं. खोबरेलात माका, ब्राह्मी, जास्वंद आणि कढीपत्ता घालून लोखंडी कढईत तडतड थांबेपर्यंत कढवलेलं, हिरवट काळं. सोबत सासूबाईंची ताकीद: "जावईबापू, ते डॉक्टरी काही लावू नका हो, मुळं जळतात."

त्यामुळे जावळकराच्या टाळूचं रेल्वेसारखं वेळापत्रक झालंय. पहाटे पाचला कांद्याचा रस. पावणेसहाला शिकेकाई. डोकं कोरडं झालं की मिनॉक्सिडिल. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि रात्री झोपताना माका. रविवारी मेगाब्लॉक: मेथीचा लेप, वाहतूक पूर्ण बंद. शिकेकाईने धुतलं तरी कांदा जात नाही. पुढची काही स्टेशनं त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी राहते. डोंबिवली फास्टमध्ये ही मिळकत लहान नव्हे.

या कांद्यामागे शास्त्र आहे, असं तो ठासून सांगतो. आहेही, थोडंसं. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याच्या रसावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पण तो चाईवर. चाई म्हणजे नाण्याएवढा गोल चट्टा, तो पुष्कळदा आपणहूनही भरून येतो. जावळकराचं टक्कल वडिलोपार्जित. हे सांगितलं की तो म्हणतो, "केस ते केसच ना?"

मिनॉक्सिडिल सुरू करून तीन आठवडे झाले आणि केस जास्तच गळायला लागले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सुरुवातीला असं होतं, जुने केस जातात तेव्हा नव्यांना जागा होते. पण जावळकर उशी, टॉवेल आणि कंगव्यावरचे केस मोजून वहीत लिहितो. दिवसाला ५० ते १०० केस कोणाचेही जातात. ज्या दिवशी वहीत १०३ भरले, त्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि मिनॉक्सिडिल बंद केलं. पुढे गळती थांबली. श्रेय माक्याला. काही महिन्यांनी पुन्हा विरळ झालं. दोष डॉक्टरांना. घाबरून बाटली परत उघडली.

दोन्ही वकिलांची गाठ पडली ती डॉक्टरांनी काढायला लावलेल्या थायरॉइडच्या रिपोर्टमुळे. रिपोर्ट असा आला की थायरॉइड चौखूर उधळलाय. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?"

"छे."

"अहो, सांगा ना," म्हणत बायकोने पिशवी टेबलावर उपडी केली. माक्याची बाटली, मेथीची पूड, आणि मित्राच्या सांगण्यावरून घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या. बायोटिनमुळे काही रक्तचाचण्यांचे आकडे खोटे येतात, त्यांत थायरॉइडही. गोळ्या थांबवून पुन्हा तपासलं, तर थायरॉइड ठणठणीत.

जावळकर मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत होता. त्यामुळे टाळूही आयती तपासून झाली. डॉक्टरांनी तेलाचा वास घेतला. म्हणाले, "छान कढवलंय. रात्री लावा हवं तर. केस तुटणार नाहीत, चमक येईल. नवे उगवतील असं मी म्हणणार नाही. टाळूला खाज सुटली तर आधी कांदा बंद करा. मिनॉक्सिडिल मात्र सोडायचं नाही, सोडलं की आलेलंही जातं. आणि जे लावाल, जे गिळाल, ते मला कळलं पाहिजे."

त्यानंतर आठ महिन्यांनी जावळ खरंच आलं, मलाही दिसलं. डॉक्टर म्हणतात मिनॉक्सिडिल. सासूबाई म्हणतात माका. जावळकर डब्यात सगळ्यांना सांगतो, "कांदा!"

तुमच्या डब्यातला जावळकर डोकं पुढे करील तेव्हा बिनदिक्कत "हो हो, आलंय" म्हणा, त्यात पाप नाही. फक्त पुढचं स्टेशन येण्याआधी एवढं विचारा: "काय काय लावतोस, ते डॉक्टरांना सांगितलंस ना?"