चिमटीतले अँपिअर

जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये हमखास आढळणाऱ्या ‘अनुभवी वायरमन’ या प्रकाराचे प्रमुख लक्षण असे, की कोणत्या तारेवर किती विद्युतभार सोपवावा याचा निवाडा तो कोष्टक न उघडता, तार चिमटीत फिरवून, नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने देतो. त्याच्या जगात तारा दोनच असतात, ‘दीडची’ आणि ‘अडीचची’. हे आकडे तारेतील तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात, हा तपशील मात्र तो शास्त्रज्ञांवर सोडतो.

शास्त्राची चिंता तांब्याविषयी नसून त्यावरील आवरणाविषयी असते, कारण तांबे वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते, तर साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांपलीकडे फार काळ टिकत नाही, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. म्हणूनच दीडच्या तारेची मर्यादा साधारण १५ अँपिअरच्या आसपास धरतात, आणि एकाच नळीत अनेक तारा कोंबल्यास किंवा विदर्भातल्या मे महिन्यात माळ्यावरची हवाच ४५ अंशांवर गेल्यास तीही खाली आणतात. या विवेचनावर ‘काही होत नाही, साहेब’ हा सिद्धान्त मांडून तो शिडीवर चढतो.

२३० व्होल्टवर ३००० वॉटचा गिझर १३ अँपिअर आणि २००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. ही दोन्ही एकाच दीडच्या तारेवर आल्यावर १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढताच प्रवाह तोडणारे स्वयंचलित बटण, वारंवार पडू लागतो. ‘एमसीबी वीक झालाय’ असे निदान करून तो ३२ अँपिअरचा बसवतो. एमसीबी गिझरसाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे या उपचाराने आजार तसाच राहून फक्त तक्रार बंद होते.

पुढे जळका वास आल्यास तो तपकिरी पडलेला तुकडा कापून, काळी टेप गुंडाळून, हल्ली मालच चांगला येत नाही असा खेद व्यक्त करतो; आणि यजमान त्यालाच पुन्हा बोलावतात, कारण त्यांच्या घरातली कोणती तार कुठून गेली आहे हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते.