मेंढी भाड्याने मिळेल

विल्नियसच्या विमानतळावर सामानाची वाट बघत उभे होतो, तेव्हा अण्णांनी माझा दंड धरला. समोर मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीची लाल पाटी होती : आविस.

"जावईबापू, इथे मेंढ्या भाड्याने मिळतात."

दोन विमानं बदलून, रात्रभर जागून आलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसेल, तर कुणी राग धरू नये. पण अण्णांचं डोकं ठिकाणावर होतं. फक्त ते ठिकाण ऋग्वेदात होतं.

"अवि म्हणजे मेंढी. लिथुआनियन भाषेतही मेंढीला आविसच म्हणतात. वाचून आलोय मी."

अण्णा माझे सासरे. वाईला पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. आमची सई विल्नियस विद्यापीठात भाषाशास्त्राच्या एम.ए.ला निघाली. हे विद्यापीठ १५७९ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पन्नासएक वर्षं आधीचं. तिला पोचवायला आम्ही दोघं जाणार होतो. तेवढ्यात अण्णांना कुणीतरी सांगितलं की आज बोलल्या जाणाऱ्या युरोपीय भाषांत जुनी ठेवण सगळ्यात जास्त राखून आहे ती लिथुआनियन, आणि तिचे कितीतरी शब्द थेट संस्कृतसारखे आहेत. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पासपोर्टचा फॉर्म भरला. थेट नातलगांकडेच निघाल्यासारखी तयारी केली. बॅगेत लाडू, चिवडा, माकडटोपी, आणि दोन रकाने आखलेली दोनशे पानी वही : डावीकडे 'आपलं', उजवीकडे 'त्यांचं'.

पहिल्याच संध्याकाळी वहीची दोन पानं भरली. अग्नी-उग्निस, धूम-दूमास, मधु-मेदुस. सूनु म्हणजे मुलगा, तो इकडे सूनुस. कदा-तदाला कादा-तादा.

"ही तर आपल्या संस्कृतची लेक," अण्णांनी निकाल दिला.

"लेक नाही आजोबा," सई म्हणाली. "चुलत बहीण."

"मग आजी कोण?"

"आजीचं एकही अक्षर सापडलेलं नाही. ती होती, हे नातवंडांच्या तोंडवळ्यावरून ठरवलंय."

अण्णांना हे पटलं नाही, पण चुलत तर चुलत. घराणं एक असल्याशी कारण.

आता प्रश्न असा होता की घराण्यातल्या इकडच्या मंडळींना याची काही वार्ता नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस विल्नियसमध्ये सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तो काढून हातात धरावा लागतो आणि संध्याकाळी पावसात भिजलेला पुन्हा अंगात घालावा लागतो. अशा हवेत अण्णा सकाळी माकडटोपी चढवून फिरायला निघत आणि दिसेल त्याला "लाबास!" म्हणत. लाबास म्हणजे नमस्कार. समोरचा माणूस एक क्षण बघे, मान अर्ध्या इंचाने हलवी आणि पुढे जाई. इथे अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची पद्धत नाही. हसलं तर काहीतरी कारण असावं लागतं.

"अण्णा, सकाळी सकाळी लोकांना लबाड काय म्हणताय?" बायको खिडकीतून ओरडली.

"अगं, भाऊबंदकी आहे ही," अण्णा खुशीत म्हणाले. "पाच हजार वर्षं बोलणं नाही. एवढं व्हायचंच."

'आभारी आहे'ला इथे 'आच्यू' म्हणतात. दुकानात पैसे दिले की बाई गंभीर चेहऱ्याने आच्यू म्हणते, आणि माझ्या तोंडून दर वेळी "सत्य आहे" निघून जातं.

अण्णांच्या संस्कृतला मी मनातल्या मनात हसत होतो, हे कबूल करतो. त्याची शिक्षा कॅथेड्रल चौकाजवळच्या एका उपाहारगृहात मिळाली. मागच्या बोळात दोन दारं. एकावर एम, एकावर व्ही. एवढं इंग्रजी मला येतं. मी एमचं दार उघडलं. आतल्या बाईने मला जे सुनावलं त्यात संस्कृतशी जुळणारा एकही शब्द नव्हता. मी बाहेर आलो तेव्हा अण्णा व्हीच्या दारातून हात पुसत शांतपणे बाहेर येत होते.

"व्ही म्हणजे वीराइ," ते म्हणाले. "वीर. पुरुष. इकडे नवऱ्यालाही वीरासच म्हणतात."

"ह्यांना? वीर?" बायकोने विचारलं, आणि जेवण येईपर्यंत तिचं हसू थांबलं नाही.

त्यापेक्षा जेवणाचं सांगतो. उन्हाळ्यात इथे शाल्तिबार्श्च्याइ नावाचं थंड सूप खातात. रंग असा गुलाबी की लग्नाच्या मांडवातसुद्धा शोभणार नाही. बीट, केफिर नावाचं आंबट दूध, काकडी, शेपू, वर उकडलेलं अंडं. अंडं काढून वाटी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "बीटाची कोशिंबीर," ते म्हणाले. "फक्त ताक जास्त झालंय." शेजारी बशीत गरम बटाटे होते. थंडगार कोशिंबीर आणि वाफाळता बटाटा आलटून पालटून खायचे. दोन वाट्या संपल्या.

त्या यशाने अण्णा फुगले आणि त्यांनी पुढची ऑर्डर स्वतः लिथुआनियनमध्ये द्यायची ठरवली. पदार्थ त्सेपेलिनाइ. झेपेलिन नावाच्या जर्मन हवाई जहाजावरून पडलेलं नाव. कच्चा बटाटा किसून, पिळून, त्याची पारी करायची, आत मांस किंवा दह्याच्या चक्क्यासारखं पनीर भरायचं, आणि जहाजाच्या आकाराचा गोळा पाण्यात उकडायचा. म्हणजे बटाट्याचा उकडीचा मोदकच, पण कळ्या न पाडलेला आणि आडवा झोपलेला. आम्ही चौघं, प्रत्येकी एक. अण्णांनी पनीरच्या ओळीवर बोट ठेवलं, वर चार बोटं दाखवली आणि खणखणीत म्हणाले, "केतुरी!" चत्वारि, चार, केतुरी.

वेटरने एकदा अण्णांकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. या देशात कुणी उगाच विचारत नाही. वीस मिनिटांनी चार ताटल्या आल्या. एका ताटलीत दोन असतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आठ झेपेलिन टेबलावर उतरले. प्रत्येक मुठीपेक्षा मोठा, करड्या रंगाचा, ओल्या साबुदाण्यासारखा चकाकणारा, वर आंबट सायीचा पांघरूणभर थर. सुरीने कापला की एक क्षण सुरीला धरून ठेवतो. चवीला वाईट नाही, उलट तिसऱ्या घासाला आवडायला लागतो. पण पाचव्या घासाला माणूस आपल्या आयुष्याविषयी विचार करू लागतो. माझ्या वीरतेने दीड संपवले, बाकीच्यांनी एकेक. उरलेले साडेतीन डब्यात घालून खोलीवर नेले आणि दुसऱ्या दिवशी सईने मोहरी-मिरचीची फोडणी घालून परतले. तेव्हा कुठे घराणं एक असल्याचं मला पटलं.

सोबत आलेली राय नावाच्या धान्याची काळी पोळी, म्हणजे ब्रेड, तिला इथे 'दुओना' म्हणतात. सईने सांगितलं, ह्यांची एक म्हण आहे : दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस. देवाने दात दिले, तो भाकरीही देईल.

अण्णांचा चमचा हवेतच राहिला. "देव! दंत! आणि दुओना म्हणजे धाना, धान्य!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपलंच की. चोच दिली तो चाराही देईल." त्यांनी म्हण वहीत उतरवली, आणि भक्तिभावाने त्या भाकरीची कड चावली. कवळी खाली आली. त्यांना दात देवाने नव्हे, वाईच्या डॉक्टरांनी दिले होते, आणि ते दुओनाच्या हिशोबाने दिलेले नव्हते.

शहर बघितलं का, असं विचारणाऱ्यांसाठी : बघितलं. गेदिमिनासच्या टेकडीवरचा बुरूज बघितला. ह्या राजाच्या स्वप्नात टेकडीवर लोखंडी लांडगा शंभर लांडग्यांच्या आवाजात ओरडला आणि त्यावरून त्याने इथे शहर वसवलं अशी कथा आहे. शहराचा पहिला लेखी उल्लेख त्याच्याच १३२३ सालच्या पत्रात आहे. उझुपिस नावाच्या मोहल्ल्यात गेलो. तिथल्या कलावंतांनी १९९७ साली एक एप्रिलला स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याच्या घटनेत कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क दिलाय. मांजराने मालकावर प्रेम केलंच पाहिजे असं नाही, पण अडचणीला मदत करावी. आमच्या सोसायटीच्या नियमावलीपेक्षा हे बरंच समंजस वाटलं.

पण बायको रमली ती पहाटद्वारापाशी. जुन्या तटबंदीच्या वेशीवरच्या देवघरात सोनेरी वस्त्रातली मेरीमाता, आणि भोवतीच्या भिंती चांदीने मढलेल्या. जवळ जाऊन बघितलं तर ते पत्रे नव्हते. हजारो छोटे नवस. चांदीची हृदयं, चांदीचे पाय, हात जोडलेली चांदीची माणसं. बायकोच्या माहेरी देवीला चांदीचे डोळे वाहतात. ती बराच वेळ उभी राहिली. मग पुटपुटली, "गुडघा दिसतोय का बघा कुठे." तिच्या गुडघ्याचं दुखणं जुनं आहे.

कॅथेड्रलसमोरच्या फरशीत एक लादी आहे. तिच्यावर 'स्तेबुक्लास', चमत्कार, असं कोरलंय. २३ ऑगस्ट १९८९ रोजी सोव्हिएत सत्तेविरुद्ध सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात धरून विल्नियसहून रीगामार्गे तालिनपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब साखळी केली. तिचं इकडचं टोक ह्या लादीपाशी होतं. लादीवर उभं राहून स्वतःभोवती तीन फेऱ्या मारल्या की इच्छा पुरी होते म्हणतात. अण्णांनी आधी विचारलं, उजवीकडून का डावीकडून. कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्हीकडून तीन-तीन मारल्या आणि एका पोलिसाच्या अंगावर कलंडले. पोलिसाने त्यांना उभं केलं आणि हसला. दहा दिवसांत आम्हाला भेटलेलं ते पहिलं हसू. कारण होतं.

अण्णांच्या घराण्याला तडा गेला तो बेकरीत. काउंटरवर करंज्यांसारखे किबिनाइ मांडले होते, पुढे चिठ्ठ्या. अण्णा मोठ्याने वाचत होते : 'ग्रीबाइ', मशरूम. 'वार्श्के', पनीर. तिसऱ्या चिठ्ठीशी थांबले.

"विश्तिएना," त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"चिकन," सई घाईने म्हणाली. "विश्ता म्हणजे कोंबडी, आजोबा. काही संबंध नाही."

अण्णांनी वही मिटली. दुपारपर्यंत नात्याचा विषय निघाला नाही.

एक सप्टेंबरला इकडच्या शाळा सुरू होतात. त्या दिवशी अख्खं शहर हातात फुलं घेऊन निघतं. ग्लॅडिओलस, डेलिया, मुलांच्या उंचीचे गुच्छ, सगळे शिक्षकांसाठी. ट्रॉलीबसच्या थांब्यावर अण्णा हे बघत होते. शेजारी बाकावर त्यांच्याच वयाच्या एक आजी, मांडीवर चार गुच्छ. निवृत्त बाई, हे कुणी सांगायला नको होतं. अण्णांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "संस्कृत." बाई म्हणाल्या, "मातेमातिका." मग दोघांनी जे समान होतं ते सुरू केलं.

"पञ्च."

"पेंकी."

"षट्."

"शेशी."

"सप्त."

"सेप्तिनी."

"अष्ट."

"आश्तुओनी."

"नव!"

"देविनी."

अण्णा थबकले. "न कुठे गेला?" त्यांनी मराठीत विचारलं. बाईंनी खांदे उडवले, एक ग्लॅडिओलस अण्णांच्या हातात दिला आणि बसमध्ये चढल्या.

रात्री सईने समजावलं. नऊचा न जाऊन द आला, याचं एक कारण असं सांगतात की मोजताना शेजारी दहा, 'देशिम्त', उभा असतो. त्याच्या संगतीने नऊही द म्हणू लागला.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," अण्णा समाधानाने म्हणाले आणि दिवा मालवला. अंधारात थोड्या वेळाने आवाज आला.

"सई, शंभरला काय म्हणतात?"

"शिम्तास."

"शतम्. शिम्तास. हा मधला म ह्यांनी कुठून आणला?"

"आणला नाही आजोबा. तो मुळातला आहे. आपल्याकडचा हरवला."

अण्णांनी दिवा परत लावला.