वरून सगळं दिसतं

चंदीगड,
2 जून

तीर्थरूप तात्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनवर सांगितलं असतं, पण फोन करताना हे शेजारीच बसलेले असतात आणि हकीकत यांचीच आहे. आईला तुम्हीच वाचून दाखवा. तिला चंदीगड अजून परदेशच वाटतं. परवा मला विचारत होती, "तिकडे आत्ता किती वाजले?"

तर तात्या, तुमचे जावई शिकारी झाले.

बंदूक नाही, तेवढं आधीच सांगते. 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे त्यांना ठाऊक आहे. हातात कॅमेरा आहे. पण थाट सगळा बंदूकवाल्याचा. हिवाळ्यात धुक्यामुळे घरात अडकले होते, तेव्हा यांना अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ सापडले. कोलोराडोतले लोक एल्क नावाच्या भल्यामोठ्या हरणामागे जाण्याआधी कित्येक महिने घरी बसून नकाशे चाळतात. कुठल्या उताराला सावली, पाणी कुठं, दोन टेकड्यांमधली खिंड कुठं, माणसांची वाट किती लांब, हे सगळं टेबलावरच ठरतं. घरी बसून शिकार करता येते, ही कल्पना यांना फारच मानवली. शनिवार पेठेत वाढलेला माणूस, जंगल म्हणजे पर्वतीची मागची बाजू!

इथे एल्क कुठून आणायचा? पण सुखना तलावामागच्या अभयारण्यात सांबरं आहेत. एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल बेकर नावाचा इंग्रज शिकारी सिलोनात सांबराच्या मागे कुत्री सोडायचा आणि त्या सांबराला सरळ 'एल्क' म्हणायचा, एवढा एक आधार यांनी शोधून काढला. झालं, तेवढ्यावर आमचं जेवणाचं टेबल गेलं. दोन महिने आम्ही जमिनीवर पाटावर जेवतोय. सासूबाईंना त्यात गैर काहीच वाटत नाही, उलट "वळण लागलं" म्हणतात.

टेबलावर सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटरवाला. शेजारी लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं. एक युरोपचं सेंटिनेल-2, दर पाच दिवसांनी ताजं चित्र देणारं. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर बाय दहा मीटर. मी म्हटलं, "सांबर दोन मीटरचं. ते दिसणार कसं?" हे म्हणाले, "सांबर बघायचं नसतंच. सांबराला काय हवं ते बघायचं." तात्या, एवढं एक वाक्य मला पटलं. तुम्हीही मेळघाटात हेच सांगायचात, फक्त तुम्हाला त्यासाठी टेबल लागत नव्हतं.

मग कंटूरच्या रेषा. जवळजवळ असल्या की चढ, लांब असल्या की सपाटी. उत्तरेच्या उतारावर ऊन कमी, म्हणून झाडी दाट, म्हणून दुपारी जनावर तिथे. मग ते लाल चित्र. हिरवी पानं डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पुष्कळ परत फेकतात, तो चित्रात लाल दाखवतात. म्हणजे जितकं लाल तितका चारा ताजा. मे महिन्यात सगळीकडे धूळ असताना एक तुकडा कुंकवासारखा लालबुंद दिसला. तलावाच्या अगदी जवळ. पाणी आहे, चारा आहे, झाडांच्या रांगाही आहेत. यांनी त्यावर खूण केली 'सांबर 1' आणि रात्री झोपेतही हसत होते.

सकाळी चिरंजीवाने नकाशा पाहिला. म्हणाला, "बाबा, हा सेक्टर 6 मधला गोल्फ क्लब आहे."

तुमचे जावई खचणारे नव्हेत. अमेरिकेत एस्टेस पार्क नावाच्या गावी एल्क गोल्फच्या मैदानातच चरतात, त्याचे फोटो त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवले. आणि वर हेही ऐकवलं, की चंदीगडची जागासुद्धा 1948 साली थापर आणि वर्मा या अधिकाऱ्यांनी विमानातून हेरली होती. म्हणजे वरून जागा हेरणं ही इथली परंपराच.

मागच्या रविवारी वनखात्याचा परवाना काढून आम्ही त्याच अभयारण्यातल्या नेपलीला गेलो. पहाटे पाच वाजता. मी, हे, चिरंजीव, आणि बुटांच्या लेस बांधून तयार असलेल्या सासूबाई. ही टेकाडं म्हणजे शिवालिक. दगड कमी, माती फार. 1958 साली ओढा अडवून सुखना तलाव केला (ओढ्याला इथे 'चो' म्हणतात), आणि मग त्यात माती इतकी वाहून यायला लागली, की वरचं पाणलोट सरकारने ताब्यात घेऊन खैर, शिसव, बाभूळ लावली आणि घळीघळींतून बंधारे घातले. गाळ अडवायला लावलेलं जंगल, त्यात जनावरं राहायला आली. 1998 पासून ते अभयारण्य आहे, छब्बीस चौरस किलोमीटर. छब्बीस म्हटलं की नाही? सहा वर्षांत जिभेचं असं झालंय. सव्वीस.

'सांबर 4' ला चित्रात छान निळं तळं होतं. प्रत्यक्षात भेगाळलेली माती. तळं खरं होतं, पण ते चित्र सप्टेंबरातलं. घरी आल्यावर कळलं, कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख असते. 'सांबर 5' ला जायचा रस्ता नकाशावर तळहातासारखा सपाट. तिथे पुढे घळ, उभ्या कड्याची, माझ्या दुप्पट खोल. कारण या नकाशात दोन कंटूरमध्ये वीस मीटरचं अंतर असतं. त्या वीस मीटरांच्या पोटात अख्खी घळ लपते आणि नकाशाला पत्ता नसतो. सासूबाई काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथेच थांबते, तुमचा उपग्रह आला की सांगा."

तात्या, बढाई मारत नाही, पण पुढचं काम तुमच्या लेकीने केलं. त्या भेगाळलेल्या तळ्याच्या कडेला ठसे होते, जुने, कडा ढासळलेल्या. पण एक पायवाट खाली जात होती, त्यावर लेंड्या ताज्या, एका झाडाची साल माझ्या खांद्याच्या उंचीवर घासलेली. आणि त्या बाजूनं होल्यांची ये-जा चालू. तुमचं वाक्य आठवलं, "होला जाते तिकडं पानी असतेच बाप्पा." घळीच्या खालच्या वळणावर झाडांच्या छताखाली, वरून कुठल्याच डोळ्याला दिसणार नाही असा, पातेल्याएवढा झरा. चिखल सगळा तुडवलेला.

तेवढ्यात "ढाँक!"

हे म्हणाले, "इथे ट्रक कुठून आला?"

मी हात धरून दाबला. समोर वीसेक पावलांवर काळपट, म्हशीएवढं थोराड, शिंगांवर अजून मखमल असलेलं सांबर. आम्हाला बघत पाय आपटत उभं. आणि तात्या, हे काय करत होते? फोनमध्ये बघत होते, की आपण ज्या जागी उभे आहोत तिथे खूण केलेली आहे की नाही! मान वर केली तोवर फक्त उभारलेली शेपटी दिसली. फोटो आला तो झऱ्याचा. त्याला 'सांबर 15' असं नाव दिलंय, आणि गेला आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना तो झरा दाखवताहेत.

हसू आलं, पण बरंही वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा यांनी मला विचारलं, की तुमचे वडील दिवसभर जंगलात नेमकं काय करायचे. दोन तास सांगत होते मी. दिवाळीत आलो की तुमच्याबरोबर मेळघाटात न्या म्हणतात. नकाशा ते आणतीलच, तुम्ही तो हातात घेऊन मान तेवढी डोलवा.

आईच्या गुडघ्याला तेल चालू आहे ना? सासूबाईंनी नमस्कार सांगितलाय.

तुमची,
ताई

ता. क. सराव म्हणून काल रात्री यांनी परतवाड्याचं आपलं घर वरून शोधलं. विहीर दिसली, गोठ्याचे पत्रे दिसले. पण मागच्या अंगणात आंब्याची सावली कुठे दिसेना. तिथे निळ्या पत्र्याची कसलीशी शेड दिसते. फाल्गुनात तर तुम्ही फोनवर म्हणालात, यंदा मोहोर चांगला आलाय. मी यांना म्हटलं, चित्र जुनं असेल. हे म्हणाले, जुनं असतं तर आंबा दिसला असता. आईला विचारू, की तुम्हीच लिहिताय?