चौसष्ट अंशांचा मोह

नाशकात कुठल्याही रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ एवढंच सांगा; तो मीटरकडे ढुंकूनही न बघता भाडं सांगेल आणि त्र्यंबक रस्त्यावर नेऊन सोडेल. तिथे क्रिकेट आहे, पहाटेपासून फेऱ्या मारणारे मधुमेही आहेत, रणजीचे सामने होतात, पुढाऱ्यांच्या सभा होतात. नाही ते फक्त गोल्फ. साहेबाच्या काळात त्या माळावर ते खेळलं जायचं. साहेब गेला, खेळ गेला, नाव चिकटून राहिलं. पाटीवर अर्थात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं लिहिलेलं आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा तो कोवळा मुलगा. साहेबाच्या करमणुकीच्या जागेला नेमकं त्याचं नाव मिळावं, हा इतिहासाचा नेम मला फार आवडतो. नाशिककर मात्र दोन्ही नावं सुखाने वापरतात. निमंत्रणपत्रिकेवर कान्हेरे, रिक्षात गोल्फ क्लब.

प्रत्यक्ष गोल्फ बघायचं तर देवळालीला जावं लागतं. तिथल्या लष्करी हद्दीत गोल्फचं मैदान आहे आणि माझे मेहुणे तोफखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिथे नेमाने खेळतात. मी बरोबर जातो तो चालायला आणि त्यानंतरच्या मिसळीला. भाऊजींच्या पिशवीत चौदा काठ्या असतात. त्याहून जास्त चालत नाहीत. १९३८ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने हा नियम केला, कारण त्याआधी काही मंडळी पंचवीस-तीस काठ्या घेऊन हिंडत आणि त्या वाहणारा कॅडी पार वाकून जाई. या चौदांपैकी लांब पल्ल्याच्या काठ्यांचा विषय आमच्या घरात निघत नाही. ताईच्या कपाळाला आठ्या पडतात त्या वेजमुळे.

वेज म्हणजे ज्या काठीचं तोंड आभाळाकडे सगळ्यात जास्त कललेलं असतं ती. या कलण्याला म्हणतात लॉफ्ट, आणि तो अंशांत मोजतात. पहिला लांब फटका मारायच्या ड्रायव्हरला जेमतेम १० अंश. तिथून चढत चढत पिचिंग वेज ४५ च्या आसपास, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६, आणि लॉब वेज ५८ ते ६०. तिथे शहाणा माणूस थांबतो. पण दुकानात ६४ अंशांचीही मिळते. जितके अंश जास्त, तितका चेंडू उंच जाणार आणि पुढे कमी जाणार. ९० अंशांची काठी अजून कोणी बाजारात आणलेली नाही. आणली तर चेंडू बहुधा आपल्याच टोपीत पडेल, पण गिऱ्हाईक मिळेल याची मला खात्री आहे.

एवढ्या वेज लागतात तरी कशाला, या ताईच्या प्रश्नाला एक धंदेवाईक उत्तर आहे. काही दशकांपूर्वी पिचिंग वेजचा लॉफ्ट ५० अंशांच्या आसपास असायचा. गिऱ्हाइकाला आपला फटका लांब गेलेला आवडतो, म्हणून कारखानदारांनी तो हळूहळू कमी करत ४५ वर आणला, काहींनी त्याच्याही खाली. काठीवरचं नाव तेच, अंश वेगळे. गिऱ्हाईक खूश. पण मग तिच्यात आणि ५६ च्या सँड वेजमध्ये दहा-अकरा अंशांची फट पडली. ती भरायला गॅप वेज आली, अर्थात वेगळे पैसे मोजून. अंगणात आधी स्वतःच खड्डा खणायचा आणि मग घरमालकाला माती विकायची, असा हा व्यवहार. भाऊजींनी तो दोनदा केलेला आहे.

भाऊजींचा या प्रकरणातला अधिकार मात्र मोठा. त्यांची उभी हयात कोनांत गेली. देवळाली म्हणजे तोफखान्याचं विद्यापीठच. तोफ ४५ अंशांच्या आसपास उचलली की गोळा सगळ्यात लांब जातो. त्याहून वर उचलली की तो उंच चढतो आणि डोंगरापलीकडे लपलेल्या शत्रूच्या डोक्यावर उभा उतरतो. भाऊजींच्या मते लॉब वेजचं काम हेच. मधला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, हा डोंगर; ग्रीनवरचं, म्हणजे कातरलेल्या हिरवळीवरचं भोक हे शत्रूचं ठाणं. ऐकायला हे इतकं पटतं की मीसुद्धा पहिल्यांदा मान डोलावली. चेंडूला मात्र ते पटत नाही. काठीचा कोन ६० असला तरी चेंडू ६० अंशांत उडत नाही. बराच खालून निघतो, कारण फटक्यातला मोठा वाटा त्याला गरगर फिरवण्यात खर्च होतो. त्या फिरकीमुळेच तो ग्रीनवर पडल्यावर चटकन थांबतो. शिवाय तोफ जमिनीत घट्ट रोवलेली असते. भाऊजींचे गुडघे तसे नाहीत.

खरी गोम लॉफ्टमध्ये नाहीच, ती काठीच्या तळाला आहे. वेज उलटी करून पाहिली तर तिची मागची कड पुढच्या कडेपेक्षा किंचित खाली उतरलेली दिसते. याला बाउन्स म्हणतात. तोही अंशांत, साधारण ४ ते १४. या फुगीर तळामुळे काठी वाळूत किंवा मऊ मातीत रुतून बसत नाही, सरकत पुढे जाते. ही युक्ती गाजवली अमेरिकेच्या जीन सॅराझेनने. विमान उडवायला शिकताना शेपटीकडचा भाग खाली गेला की नाक वर उठतं हे त्याने पाहिलं आणि आपल्या काठीच्या तळाला शिशाचा डाग देत देत तिला तसा आकार दिला. १९३२ ची ब्रिटिश ओपन तो जिंकला तेव्हा हीच काठी त्याच्याकडे होती, आणि कोणी पाहून बंदी घालू नये म्हणून स्पर्धेआधी त्याने ती लपवून ठेवली होती. बंकरमधला फटका हा खेळातला एकच फटका, ज्यात चेंडूला काठी लावायची नसते. काठी त्याच्यामागे दोन बोटांवर वाळूत घुसवायची, वाळू उडते आणि येताना चेंडूला घेऊन येते.

आता हे सगळं फ्लोरिडाच्या वाळूत ठीक. नाशकात जमीन वर्षातून तीनदा जात बदलते. वैशाखात गवत पिवळं पडतं आणि खाली मुरूम फरशीसारखा लागतो. तिथे जास्त बाउन्सची वेज मारली की ती जमिनीवर आपटून उसळते, तिची धार चेंडूच्या कमरेत बसते आणि जो हळूच वीस पावलांवर पडायचा तो ग्रीन ओलांडून झुडपात जातो. श्रावणात तीच जमीन लोण्यासारखी. आता कमी बाउन्सची वेज घ्याल तर ती कुदळीसारखी रुतते, ढेकूळ पुढे आणि चेंडू जागेवर. थंडीत दंव. म्हणजे खरं तर पंचांग बघून वेज घ्यायला हवी: वैशाखाची ६ अंशांची, श्रावणाची १२ ची. मी हे गमतीने बोललो. भाऊजींनी ते लिहून घेतलं.

उंच लॉफ्टच्या काठीची दुसरी खोड अशी की ती माणसाच्या हातांना अक्कल शिकवू देत नाही. चेंडू वर जावा असं वाटतं, म्हणून हात आपोआप खालून उचलायला जातात. वास्तविक वर नेण्याचं काम तोंडाच्या कलाने आधीच पत्करलेलं आहे. आपण फक्त खाली मारायचं. वर जाण्यासाठी खाली मारा, हे सांगणं सोपं आहे. मोठमोठ्या हुद्द्यांवरून उतरलेली माणसं देवळालीच्या मैदानावर तो चेंडू चमच्याने काढल्यासारखा उचलू पाहतात आणि तो बिचारा दोन पावलं सरकून पुन्हा त्यांच्याकडे बघत बसतो. याचा दोष मी टीव्हीला देतो. फिल मिकल्सन ६० किंवा ६४ अंशांची वेज जवळजवळ जमिनीवर झोपवून पूर्ण ताकदीने फिरवतो, चेंडू सरळ वर जातो, टाळ्या वाजतात, आणि इकडे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या मनात काहीतरी हलतं. त्यामागची वर्षानुवर्षांची तालीम पडद्यावर दिसत नाही.

जाणत्यांचा सल्ला अगदी रटाळ आहे, म्हणून कोणी ऐकत नाही. पुटरने, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायच्या सपाट काठीने, ढकलता येत असेल तर ढकला. नसेल तर कमी लॉफ्टच्या काठीने छोटी चिप मारा, चेंडू थोडा उडून उरलेलं अंतर घरंगळत जाऊ दे. मध्ये बंकर आडवा असेल आणि भोक अगदी अलीकडच्या काठावर असेल, तरच लॉब वेज बाहेर काढा. सपाट, मोकळ्या, वैशाखातल्या देवळालीत असा प्रसंग किती वेळा येतो? भाऊजी तो ओढून आणतात.

त्यांच्या मागे पिशवी ओढणारा एक पोरगा आहे. मंडळी चहाला बसली की तो एक जुनी, तोंडावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झालेली काठी घेतो आणि त्या एकाच काठीने ठरवल्या जागी चेंडू टाकतो. उंच हवा तर तोंड उघडं धरून, बसका हवा तर मिटून. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरोस लहानपणी गावच्या किनाऱ्यावर एकाच ३ नंबरच्या लोखंडी काठीने सगळे फटके शिकला होता. आपल्याकडे अली शेर दिल्लीत कॅडी होता. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. ज्यांना एकच काठी मिळाली त्यांनी अंश मनगटात बसवून घेतले. भाऊजींचं म्हणणं, “अरे, त्यांच्याकडे वेळ होता.” सकाळी साडेसहाला घर सोडून बाराला परतणाऱ्या निवृत्त माणसाच्या तोंडून हे ऐकणं मोठं मौजेचं असतं.

मध्यंतरी भाचा डॅलसहून यायचा होता. येताना काय आणू, असं त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं. ताईने बदाम आणि एक भाजी चिरायचं यंत्र सांगितलं. भाऊजींनी फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, “६४ अंश. बाउन्स सहाच. दुकानदाराला सांग, वैशाखासाठी हवीय.”

“बाबा, बॅगेत बसणार नाही हो,” भाचा म्हणाला.

“तिरकी ठेव.”

“आणि पंधरावी झाली तर नियमात कुठली बसणार?” ताईने आतून विचारलं. नियम तिला कधीच पाठ झालेले आहेत. भाऊजींनी जराही वेळ न घेता पुटरकडे बोट दाखवलं.