घरगुती काडतुसे

नानांनी आयुष्यात मुंगी मारलेली नाही. त्यांच्या ओहायोतल्या घरात कोळी निघाला तर ते त्याला जाड कागदावर घेऊन अंगणात सोडून येतात आणि काकूंना सांगतात, मेला. अंडं खातात ते केकमध्ये असेल तरच, आणि असल्याचं कुणी सांगितलं नाही तरच. असे हे नाना दर शनिवारी रायफल घेऊन रेंजवर जातात, शंभर यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडतात आणि उरलेला आठवडा गॅरेजमध्ये पुढच्या शनिवारची काडतुसं भरत बसतात. भरायला सहा दिवस आणि उडवायला दीड तास! त्यामुळे त्यांना नेमबाज म्हणणं मला बरोबर वाटत नाही. नाना काडतूसकार आहेत.

मूळ खडकीत आहे. नानांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ सालचा तो कारखाना, आणि तिथल्या फाटकावरची झडती. आयुष्यभर काडतुसं करणाऱ्या माणसाच्या घरात एक रिकामी पुंगळी कधी आली नाही. पुढे कॉलेजात नाना एनसीसीत गेले. तिथे पॉइंट टू-टूच्या गोळ्या मोजून मिळायच्या आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. एखादी कमी भरली की अख्खी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाळायची. अशा संस्कारांत वाढलेला माणूस पहिल्यांदा अमेरिकन रेंजवर गेला आणि त्याने काय पाहिलं? लोक बार काढताहेत, पुंगळ्या जमिनीवर टाकताहेत आणि खुशाल घरी जाताहेत.

“हा देश बुडणार,” असं म्हणून नाना वाकले. ते अजून सरळ झालेले नाहीत.

नानांचा हिशेब तसा बिनतोड आहे. काडतुसात चार वस्तू: पुंगळी म्हणजे केस, तिच्या बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाला की तीन जातात आणि बहुतेकदा चौघांत महाग असलेली पुंगळी तेवढी पायाशी पडते. तिला पुन्हा आकारात आणा, नवी टोपी बसवा, दारू भरा, वर गोळी दाबा, झालं काडतूस. एकच पुंगळी अशी कितीदा तरी भरता येते. दुकानातलं चांगलं काडतूस दीड-दोन डॉलरला, घरचं त्याच्या निम्म्यात. एवढी बचत करायची म्हणून नानांनी हिरवा ओतीव लोखंडी प्रेस घेतला. मग पुंगळीला आकार देणारे साचे म्हणजे डाय, तराजू, कॅलिपर, पुंगळ्यांची वाढलेली मान कापायचं यंत्र आणि ती मान तापवून मऊ करायचं यंत्र. सगळं पितळ घासायला एक थरथरणारा डबा आणला, त्यात मक्याच्या कणसाचा भुसा घालून तो रात्रभर चालू ठेवतात. शेवटी हे सगळं ठेवायला गॅरेज लागलं, म्हणून गाडी बाहेर बर्फात गेली.

“वाचलेले डॉलर ठेवलेत कुठे, ते एकदा दाखवा,” असं काकू अधूनमधून विचारतात. नाना म्हणतात, “ते दीर्घ मुदतीत दिसतात.” नाना आता पंच्याहत्तरीला आलेत.

रेंजवर ‘गोळीबार बंद’चा पुकारा झाला की बाकीचे निशाणाचे कागद बदलायला जातात आणि नाना बादली घेऊन पितळ वेचायला. बुडावरची अक्षरं भिंगातून वाचतात, आणि कामाच्या पुंगळ्या बादलीत पडतात. एकदा त्यांना युरोपातल्या पुंगळ्यांचं घबाड सापडलं. घरी येऊन टोपी काढायची सुई आत घातली, सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. मग विजेरी लावून आत पाहिलं, तर मधोमध एक छिद्र असायच्या जागी बाजूला दोन. टोपीच्या दोन पद्धती आहेत, एक बॉक्सरची, एक बर्डनची. यातला बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. अमेरिकेत चालते ती इंग्रजाची पद्धत, आणि युरोपात पुष्कळ ठिकाणी अमेरिकनाची. नानांनी दोघांनाही खडकीच्या मराठीत आशीर्वाद दिले. पण पुंगळ्या टाकल्या का? छे. “कधीतरी उपयोगी पडतील” असं लिहिलेल्या डब्यात त्या आहेत. तसे डबे पुष्कळ आहेत.

गॅरेजात प्रवेश करायचा तर नियम पाळावे लागतात. नानांच्या आईचं सोवळं कडक होतं आणि तरुणपणी नाना त्याची यथेच्छ टिंगल करायचे. आता त्यांचं स्वतःचं सोवळं त्या माउलीलाही झेपलं नसतं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, दुसरा उघडा दिसला तर सगळं थांबवायचं. आत खाणं नाही, पिणं नाही, बोलणं नाही. बाहेर येताना हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे, कारण टोपीच्या काजळीत शिसं असतं. तराजू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजतो. ग्रेन म्हणजे जेमतेम पासष्ट मिलिग्रॅम, साधारण अर्धी गुंज. त्यामुळे भर जुलैत पंखा बंद. काकूंनी कपडे वाळवायचं यंत्र लावलं तरी काटा हलतो, म्हणून तेही बंद. एकदा पुण्याहून नणंदेचा फोन आला, भाऊ काय करतोय म्हणून. काकूंनी खरं ते सांगितलं: “गॅरेजात दार लावून दारू मोजत बसलेत.” त्यानंतर पुण्यातल्या दोन घरांत नानांच्या नावाने नवस बोलले गेले.

पण या सोवळ्याला मी हसत नाही. पुस्तकात दिलेल्या कमाल मापाच्या दहा टक्के खालून सुरुवात करायची आणि एकेक पायरी चढायची, हा नियम नानांनी कधी मोडलेला नाही. पुंगळी पुन्हापुन्हा वापरली की बुडाच्या जरा वर आतून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. म्हणून काकूंचा केसांचा आकडा सरळ करून, टोक वाकवून, प्रत्येक पुंगळी आतून चाचपून पाहतात. टोकाला खाच लागली की पुंगळी बाद. माणूस विक्षिप्त आहे, बेफिकीर नाही.

बेफिकिरी नाही, पण काटकसर आहे, आणि ती एकदा भोवली. पुंगळी डायमध्ये दाबण्याआधी तिला वंगण लावावं लागतं. ते फार झालं तर खांद्यावर पोचा येतो, कमी झालं तर पुंगळी आत अडकते. त्यासाठी बाजारात खास मेण मिळतं, पण एवढ्याशा डबीला एवढे डॉलर कशाला, म्हणून नानांनी न्हाणीघरातलं खोबरेल वापरलं. तिसरी पुंगळी डायमध्ये गेली ती बाहेर येईना. जोर लावला तर बुडाची कड फाटली आणि पुंगळी आतच. शेवटी शेजारच्याने बुडाला भोक पाडून आटे पाडले आणि स्क्रू घालून ती उपसून काढली. काकू दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. “अहो, खोबरेल तेल केसांना लावतात,” त्या म्हणाल्या, “केसला नाही.”

आता प्रत्यक्ष नेमबाजी. इथे मला थोडं जपून लिहायला हवं, कारण नाना हा मजकूर वाचणार आहेत.

नानांच्या पाकिटात नातवंडांच्या फोटोंमागे प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागदाचा तुकडा आहे. त्यावर तीन भोकं, एकमेकांना चिकटून, वर नाणं ठेवलं तर झाकतील अशी. “ही माझी रायफल,” नाना म्हणतात. शंभर यार्डांवर एका इंचात गोळ्या बसल्या तर रायफल उत्तम समजतात, आणि हे तर अर्ध्या इंचात आहे. तो कागद कितव्या राष्ट्राध्यक्षांच्या काळातला आहे हे मी विचारलेलं नाही. हल्ली नाना पाच गोळ्या झाडतात आणि चार मोजतात. पाचवी ‘उडालेली’ असते. उडालेली गोळी म्हणजे जिचं कारण नानांना माहीत आहे ती. एखाद्या शनिवारी दोन उडतात, मग तीन मोजतात.

आणि कारणं तरी किती! वारा असतोच. ऊन तापलं की निशाणावर हवा लहरते, कागद आहे तिथे दिसत नाही. नळी गरम होते. गोळी हजारांश इंच जास्त आत बसलेली असते. एका उन्हाळ्यात गोळ्या सारख्या खाली डावीकडे जाऊ लागल्या, तेव्हा नानांनी दारू बदलली, टोप्या बदलल्या, तीन वजनांच्या गोळ्या आणल्या आणि वही भरून तक्ते काढले. सप्टेंबरात रेंज ऑफिसरने सहज रायफलीवरच्या दुर्बिणीला हात लावला, तर ती हलली. पकडीचा स्क्रू ढिला होता. रेंजवरच्या निम्म्या रोगांचं मूळ तिथेच असतं, हे तिथलं पोरसुद्धा जाणतं. मरीनमधून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाने खिशातून पाना काढून स्क्रू आवळला आणि काही बोलला नाही. ते नानांना जास्त लागलं.

स्क्रू आवळला तरी गोळ्या खाली डावीकडेच. तेव्हा नानांनी पृथ्वीचं भ्रमण काढलं. रेंज ऑफिसरने शांतपणे सांगितलं की शंभर यार्डांवर त्याचा फरक फार तर अर्धा मिलिमीटर, आणि उत्तर गोलार्धात तोही उजवीकडे.

मग गोळीचा वेग मोजायचं यंत्र आलं. पुढे तिवईवर ठेवायचं आणि त्याच्या वरून गोळी जाऊ द्यायची. वेगात दर सेकंदाला पाच फुटांचा फरक पडला तरी नानांचा चेहरा उतरायचा. एका शनिवारी आकडा आलाच नाही, कारण गोळी यंत्रातूनच गेली होती. त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्यांत अचूक मधोमध बसलेली ती एकच.

१ ऑगस्ट २०२४ ला पहाटे आम्ही सगळे नानांकडे जमलो होतो. पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत होता. उभ्याने नेम धरायच्या, म्हणजे सर्वांत अवघड टप्प्यात तो वर सरकला आणि कांस्यपदक मिळालं. काकूंच्या डोळ्यांत पाणी, कुणी पेढे उघडतंय. नाना गंभीरपणे म्हणाले, “लॉट चांगला मिळाला असणार.” आता, वरच्या पातळीवरचे नेमबाज एकेक लॉट तपासून गोळ्या घेतात हे खरं. पण पेढा तोंडात असताना हे बोलायचं नसतं.

तरीही एक शनिवार मी नानांच्या नावे जमा धरला आहे. शेजारच्या टेबलावर एक तरुण स्वतः भरलेली काडतुसं उडवत होता. एक बार नीट वाजलाच नाही, नुसतं फुस्स झालं. त्याने खांदे उडवले, बोल्ट मागे घेतला आणि पुढचं काडतूस सरकवणार, एवढ्यात नाना ओरडले, “अरे थांब, गाढवा!” शुद्ध खडकी मराठीत. ओहायोतला तो सहा फुटी पोरगा जागच्या जागी थिजला. रायफल उतरवून, रिकामी करून पाहिलं, तर त्या काडतुसात दारू भरायची राहिली होती. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली होती. पुढची झाडली असती तर नळी फुटली असती आणि तोंड तिच्यापासून वीतभर अंतरावर. दांड्याने ठोकून गोळी काढली. पोराने नानांचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. नाना मात्र त्याला एकच विचारत होते, “भरताना पंखा चालू होता का?”

भारतात जायचं ठरलं की काकू आठवडाभर आधी नानांचे सगळे खिसे उलटे करतात. जाकिटाच्या अस्तरात विसरलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं तर १९५९ चा शस्त्र कायदा छंद-बिंद ऐकत नाही. मागच्या वेळी एका बुटात दोन पुंगळ्या निघाल्या. नाना म्हणाले, “अरे, यांनाच मी शोधत होतो.”

खाली-डावीकडचं कोडं परवा सुटलं. म्हणजे आमच्यापुरतं सुटलं. रेंज ऑफिसरने नानांना न सांगता त्यांच्या पाच काडतुसांत एक डमी मिसळलं. ना टोपी, ना दारू. ही रेंजवरची जुनी युक्ती. बार होणार, दस्ता खांद्याला बसणार, या धास्तीने माणूस आधीच अंग चोरतो आणि चाप ओढण्याऐवजी झटकतो. बार झाला तर ते धक्क्यात लपून जातं. बार नाही झाला की उघड दिसतं. तिसऱ्या खेपेला डमी आलं. क्लिक झालं आणि नानांच्या रायफलीने खाली डावीकडे अशी मान टाकली की मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी ‘ओ’ म्हटलं.

सगळे गप्प. रेंज ऑफिसर मिशीत हसत होता. नानांनी बोल्ट उघडला, डमी बाहेर काढलं, भिंगातून पाहिलं आणि खिशात टाकलं. वाटेत एक शब्द नाही. मला वाटलं, घाव वर्मी बसला. घरी पोचताच ते गॅरेजात गेले, पंखा बंद केला, डमी तराजूत ठेवलं आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिले.

“बघ,” ते मला म्हणाले, “वजनच कमी आहे. मग रायफल अशीच वागणार. यापुढे डमीसुद्धा आपण घरीच करू.”