ठोकून पाहणारा माणूस

आमच्या चिखल्यातून कुणी फ्लॅट घ्यायला नागपूरला निघाला की गाव दोनच प्रश्न विचारतं : कर्ज मंजूर झालं काय? आन् मेटसायबाले संगं घेतलं काय?

मेटसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. मँगनीजच्या भुयारी खाणीत ते मायनिंग मेट होते. माणसं कामाला लागायच्या आधी सब्बलीनं छत ठोकत जायचं आणि कोणता दगड धरून बसलाय, कोणता डोक्यावर येणार, हे आवाजावरून ओळखायचं. खणखणीत वाजला तर काम करा, 'डब्ब' वाजला तर आधी पाडा. जन्मभर हेच केल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना कुठलीच गोष्ट न ठोकता खरी वाटत नाही. टरबूज, होणारा जावई, सँपल फ्लॅट, सगळ्यांना कसोटी एकच.

आम्ही पडलो क्वार्टरातली माणसं. नळ गळला तर अर्ज टाकायचा, एवढंच आमचं घराविषयीचं ज्ञान. साठी आली की ग्रॅच्युइटी हातात येते आणि क्वार्टरची चावी हातातून जाते. मग तुमसर रोडहून गाडी धरून काका नागपूरच्या बेसा नाहीतर हुडकेश्वरला जातात. तिथल्या गारेगार ऑफिसात कॉफी देणारी पोरगी बिल्डरची, 'काका, तुमच्यासाठी' म्हणणाऱ्या दलालाचं कमिशन बिल्डरकडून, कर्जाचा फॉर्म भरणारा पोरगाही बिल्डरच्याच ओळखीचा. काकांचा स्वतःचा म्हणून तिथं फक्त चेक असतो.

त्या चेकच्या बाजूला मेटसाहेब बसतात.

माझ्या वेळी त्यांनी पहिल्यांदा बेडरूममध्ये जाऊन जमिनीवर अंग टाकलं. डोकं एका भिंतीला, पाय दुसरीकडे. "मी साडेपाच फूट. पायाखाली साडेतीन उरले. मंग हे दहा बाय दहा काहून लिवलं?" विकणाऱ्या पोरानं बिल्टअप, सुपर बिल्टअप अशी स्तोत्रं म्हणायला सुरुवात केली. मेटसाहेब पडल्या पडल्याच म्हणाले, "सुपर तुह्यापाशी ठेव. कार्पेट सांग." रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला भाव कार्पेटवरच सांगावा लागतो, हे मला त्या दिवशी फरशीवर झोपलेल्या माणसाकडून कळलं.

पुढे पोरानं वीस टक्के बुकिंग मागितलं. मेटसाहेब उठून बसले. "कलम तेरा." करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक पैसा घेता येत नाही. २०१६ चा कायदा त्यांना कुणी शिकवला कोण जाणे. खाणीतल्या सुरक्षेच्या नियमांसारखाच त्यांनी तो पाठ केलाय, कलमाच्या आकड्यानिशी. मग सातबारा, आरएल म्हणजे रिलीज लेटर, महारेराचा नंबर. शेवटी खिशातून एक जुना पाना काढून घरभर टाइल्स ठोकल्या. सतरा ठिकाणी 'डब्ब'. प्रत्येक ठिकाणी खडूनं फुली. पोरगा रडकुंडीला आला. मला मात्र सेवानिवृत्तीनंतर प्रथमच सुरक्षित वाटलं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, इकडे घेणाऱ्याचा एजंट वेगळा असतो, आणि ऑगस्ट २०२४ पासून तर घर बघायला जाण्याआधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, फी किती तेही त्यात. मी हे कौतुकानं मेटसाहेबांना सांगितलं. ते दुखावले. "लेखी? मंग तो आपला मानूस कायचा?"

आपल्याकडेही दलालाला आता नोंदणी लागते, परीक्षा द्यावी लागते. मेटसाहेबांनी परीक्षा दिली ती खाणीची. फी म्हणाल तर पाच किलो चिन्नोर तांदूळ आणि नागपुरात उतरल्या उतरल्या तर्री पोहे, दोन प्लेट. पण हा माणूस फुकटात पडतो असं कुणी समजू नये. त्यांच्यापायी चौघांचे सौदे मोडले. एकाचा तर निव्वळ लिफ्टचा आवाज पसंत पडला नाही म्हणून. तो अजून भाड्यानं राहतो आणि मेटसाहेब दिसले की गल्ली बदलतो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलानं त्यांना न विचारता फ्लॅट बुक केला. भीतीनंच केला असणार. संध्याकाळी मेटसाहेब माझ्याकडे आले, ओट्यावर बराच वेळ बसले आणि पाना माझ्या हातात देत म्हणाले, "उद्या तू चाल माह्यासंगं. आपल्या घराच्या वक्ताले आपले कान काम देत नाहीत."

गेलो. मेटसाहेबांची बायको, आमच्या काकू, थेट स्वयंपाकघरात शिरल्या. नळ उघडला, बंद केला, परत उघडला. छत्तीस वर्षं क्वार्टरात काढलेली बाई ओट्याच्या काळ्या दगडावरून हात फिरवत होती. मेटसाहेब दारातच थांबून तिच्याकडे बघत राहिले. ना झोपले, ना कलम तेरा.

शेवटी मीच वाकून एक टाइल ठोकली. डब्ब. दुसरी ठोकली. डब्ब.

मेटसाहेबांनी माझा हात धरला.

"हळू ठोक, बावा. तिले आयकू जाईन."