दूरध्वनीचा कौल

लोकमताचा आदर करावयाचा, परंतु त्यास फार मोकळे सोडावयाचे नाही, हा राजकीय पक्षांचा जुना रिवाज होय. आणि त्या रिवाजाचे जितके सुबक दर्शन सुरतेस 2022 सालच्या दिवाळीनंतर घडले, तितके एरवी क्वचितच घडत असेल. 29 ऑक्टोबर रोजी आम आदमी पक्षाचे राष्ट्रीय संयोजक श्री. अरविंद केजरीवाल यांनी या शहरात पत्रकारांना पाचारण करून जाहीर केले की, गुजरातच्या मुख्यमंत्रिपदासाठी आपल्या पक्षाचा चेहरा कोण असावा हे जनतेनेच ठरवावे, आणि त्यासाठी दूरध्वनी, लघुसंदेश, व्हॉट्सॲप किंवा ईमेल यांपैकी सोयीच्या मार्गाने 3 नोव्हेंबरपर्यंत आपला कौल कळवावा. 4 नोव्हेंबरला अहमदाबादेत निकालही लागला. एकूण 16,48,500 कौल आले आणि त्यांपैकी 73 टक्के श्री. इसुदान गढवी यांच्या पारड्यात पडले. एवढ्या थोड्या दिवसांत एवढ्या मोठ्या प्रांताचे मन जाणून घेतले जावे, आणि त्याचा हिशोब अखेरीस दोन पूज्यांवर येऊन असा बिनचिल्लर मिटावा, हे कोणत्याही जमाबंदी कचेरीस हेवा वाटावा असेच कार्य होते.

आता याच सुरतेतील कतारगाम हा तोलून-मापून जगणारा मुलूख आहे. येथील हिरे घासण्याच्या घंट्यांवर बसून ज्यांनी आयुष्य हिऱ्याच्या पैलूंत घालविले त्या रत्नकलाकारांना, आणि त्यांच्यावर ज्यांचा व्यापार चालतो त्या शेठजींना, एक गोष्ट बालपणापासून ठाऊक असते: दलालाने पुडी उघडली की घेणारा ती प्रथम स्वतःच्या काट्यावर ठेवतो, मग भिंग डोळ्याला लावतो; विकणाऱ्याने उच्चारलेले कॅरट तो ऐकून घेतो, लिहून घेत नाही. परंतु मुख्यमंत्रिपदाची पुडी जेव्हा उघडली गेली तेव्हा माल पक्षाचा, काटा पक्षाचा, वजन उच्चारणारा कंठही पक्षाचाच. आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत तो आकडा भिंगाविनाच छापून आला. कायद्यालाही येथे काम नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 126अ मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज अखेरचे मतदान उरकेपर्यंत कुलुपात ठेवण्यास सांगते; पक्षाने स्वगृही घेतलेल्या मतचाचणीस त्याचा उपद्रव पोहोचत नाही.

श्री. गढवी हे पक्षात येण्यापूर्वी व्हीटीव्ही या गुजराती वृत्तवाहिनीवर ‘महामंथन’ नावाचा कार्यक्रम चालवीत आणि शेतकऱ्यांची गाऱ्हाणी मोठ्या तळमळीने मांडीत. जून 2021 मध्ये त्यांनी पक्षप्रवेश केला. जो मनुष्य वर्षानुवर्षे घराघरांतील पडद्यावर येऊन बोलत आला, त्याचेच नाव लोकांना प्रथम आठवले यात नवल नाही. नवल आहे ते त्या आठवणीस ‘लोकमत’ ही पदवी मिळते याचे. या बाबतीत अमेरिकेचा अधिकार मोठा मानावा लागेल. तेथे 2015 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाच्या सतरा इच्छुकांतून मुख्य वादसभेच्या मंचावर कोणी उभे राहावे हे फॉक्स वाहिनीने मतचाचण्यांच्या सरासरीवरून ठरविले: दहा जण मंचावर, उरलेल्यांची वासलात दुपारच्या दुय्यम सभेत. श्री. ट्रम्प चाचणीत अग्रभागी म्हणून मंचावर मध्यभागी, मध्यभागी म्हणून छायाचित्रांत ठळक, छायाचित्रांत ठळक म्हणून पुढील चाचणीत पुन्हा अग्रभागी. या प्रदक्षिणेत मतदाराचे स्थान गाभाऱ्यापासून बरेच दूर होते. संख्येने दिपून जाणाऱ्यांसाठी त्याच देशात याहूनही जुना दाखला आहे. 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालात टाकल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन हे रूझवेल्ट यांचा पराभव करणार असे भविष्य वर्तविले. लँडन यांना दोन राज्ये मिळाली. पत्ते काढले होते बव्हंशी दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदवहीतून, आणि मंदीने गांजलेल्या त्या वर्षी ज्याच्या घरी दूरध्वनी होता त्याला रूझवेल्ट यांची तितकीशी गरज नव्हती.

केजरीवालांवर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगणे प्राप्त आहे की, हाच दूरध्वनीचा प्रयोग त्यांनी 2022 च्याच आरंभी पंजाबात केला होता. तेथे 21 लाखांहून अधिक कौल आल्याचे आणि त्यांतील 93 टक्के श्री. भगवंत मान यांना मिळाल्याचे सांगण्यात आले, आणि मान खरोखरीच 117 पैकी 92 जागा घेऊन मुख्यमंत्री झाले. इतर पक्षांनी तरी जनतेस कोणता मान दिला? सप्टेंबर 2021 मध्ये श्री. विजय रूपाणी यांनी राजीनामा दिला तेव्हा वर्तमानपत्रांनी वारसांची लांबलचक यादी छापली आणि भारतीय जनता पक्षाने त्या यादीबाहेरचे, प्रथमच आमदार झालेले श्री. भूपेंद्र पटेल यांना गादीवर बसविले. काँग्रेसने तर ऑक्टोबर 2022 मध्ये रीतसर मतपत्रिका छापून अध्यक्ष निवडला: इंग्रजी वृत्तपत्रांचे व समाजमाध्यमांचे लाडके श्री. शशी थरूर यांना 1,072 मते, ज्यांच्यासाठी फारशा मथळ्यांची आवश्यकता कोणास भासली नाही त्या श्री. खर्गे यांना 7,897, आणि 416 मते बाद. पक्षाच्या प्रतिनिधींपैकी चारशेहून अधिक जणांना दोन नावांतून एकावर नीट खूण करता येऊ नये, हा तपशील आम्हांस निकालाहून अधिक बोधप्रद वाटतो.

सुरतेला पक्षाध्यक्षाच्या निवडीचा अनुभव काही आजचा नव्हे. डिसेंबर 1907 मध्ये तापीकाठी भरलेली काँग्रेस याच प्रश्नावर मोडली. नागपूरचे अधिवेशन सुरतेस हलवून, स्वागत समितीच्या मार्फत रासबिहारी घोष यांचे नाव पक्के करून, नेमस्तांनी बंदोबस्त चोख ठेवला होता. लोकमान्य टिळक दुरुस्ती मांडण्यासाठी व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे राहिले, आणि तेवढ्यात एक दख्खनी जोडा हवेतून येऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांचाही समाचार घेऊन गेला. पुढे दोन्ही पक्षांनी आपापली कैफियत छापून वर्तमानपत्रांकडे धाडली, आणि ज्या घरी जे पत्र येत होते त्या घरी तेच सत्य नांदू लागले. जोड्याच्या त्या मताच्या मोजणीविषयी मात्र शंकेला जागा उरली नाही, कारण ते एकच होते आणि भरसभेत पडले होते.

आमच्या कतारगामच्या कथेतही जोड्याचा संबंध आहे, हा योगायोगच म्हणावयाचा. मुख्यमंत्रिपदासाठी वर्तमानपत्रांनी ज्यांचे नाव गढवींच्या बरोबरीने चालविले ते पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष श्री. गोपाल इटालिया हे पूर्वाश्रमीचे पोलीस शिपाई. 2017 साली त्यांनी गांधीनगरात गृहराज्यमंत्र्यांवर जोडा भिरकावून सार्वजनिक जीवनात पदार्पण केले. (भाजपाचे त्या वेळचे प्रदेशाध्यक्ष, जळगाव जिल्ह्याचे सुपुत्र श्री. सी. आर. पाटील हेही पूर्वी पोलीस शिपाईच. तेव्हा गुजरातच्या राजकारणाची मतदारांनी निश्चिंत मनाने राखण करून घेण्यास हरकत नव्हती.) दूरध्वनीचा कौल गढवींना गेल्यावर इटालियांना कतारगामची उमेदवारी मिळाली. पाटीदारांची वस्ती, 2021 च्या महापालिका निवडणुकीत पक्षाचे 120 पैकी 27 नगरसेवक निवडून आल्याचा ताजा उत्साह, वाहिन्यांचे कॅमेरे, सारे अनुकूल होते; 27 नोव्हेंबरला तर केजरीवालांनी सुरतेतच कागदावर लिहून दिले की गुजरातेत आपले सरकार येणार. 8 डिसेंबरला यंत्रे उघडली. भाजपाच्या 156 जागा, आम आदमी पक्षाच्या 5, कतारगामात श्री. विनोद मोरडिया यांनी इटालियांना 64 हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले, आणि 73 टक्क्यांचे धनी गढवी आपल्या खंभाळिया मतदारसंघात अठरा हजारांहून अधिक मतांनी पडले.

पुढे जानेवारी 2023 मध्ये पक्षाने खांदेपालट केला: गढवी प्रदेशाध्यक्ष झाले आणि इटालियांची रवानगी राष्ट्रीय पदावर, महाराष्ट्राच्या सहप्रभारीपदासह, करण्यात आली. (विसावदरने 2025 साली पोटनिवडणुकीत त्यांना आमदार केले, ती हकीकत निराळी.) या नेमणुकांच्या वेळी जनतेस दूरध्वनी करण्याची तसदी देण्यात आली नाही.